पिंजऱ्यातले चकोर, डोंगरातले चकोर

"जावईबापू, हा चकोर आहे की भिजवलेला कापूस?" चार मित्रांदेखत जुमादिल म्हाताऱ्याने तंगडी ताटात टाकली. "डोंगरातला चकोर खावा! दगडगोटे तुडवलेला, ओव्यावर पोसलेला. पिंजऱ्यातल्याला कसली आलीय चव?"

मित्र खदखदून हसले. तालायच्या पाळीव चकोरांना अख्ख्या नारीनमध्ये मागणी होती, पण सासऱ्याने चारचौघांत एकदा तरी शाबासकी द्यावी, याची त्याला भारी हौस. तो फटकन म्हणून गेला, "शुक्रवारी सगळे या. शिकारीचे चकोर खाऊ घालतो!"

शुक्रवारी खरंच नशीब फळफळलं. पाच चकोर खोगिराला लटकवून तालाय गाणं गुणगुणत डोंगर उतरला, तोच एक मेंढपाळ आडवा आला. "शिराल्गा!"

झालं! वाटेत भेटलेल्याने असं म्हटलं की शिकाऱ्याने वाटा द्यायचाच. नाही म्हणेल त्याची बंदूक जन्माची रुसते. मेंढपाळाने एक नेला, पुलावरच्या म्हाताऱ्यांनी दोन, गिरणीवाल्याने एक. उरलेला दारातच शेजारणीने, केन्झेबूने, हक्काने मागून घेतला.

"अहो, एखादा तरी कोटात लपवायचा!" बायकोने, नुर्जातने, कपाळावर हात मारला.

"आणि बंदूक रुसली म्हणजे?"

"मग आता बाबांना काय बंदूक वाढू?"

दोघांनीही पिंजऱ्याकडे पाहिलं. नुर्जातने पातेल्यात मूठभर ओवा जास्तच टाकला.

म्हाताऱ्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले. तालायचा जीव टांगणीला लागला.

"वा! याला म्हणतात चकोर! बघा रे, माझा जावई शिकारी निघाला!"

तालाय सुखावला. तेवढ्यात केन्झेबू वाडगा घेऊन हजर. "तुमच्याच शिकारीतला शिजवलाय. बाबा, चाखा की!"

म्हाताऱ्याने घास तोंडात घेतला. या गालातून त्या गालात बराच वेळ फिरवला आणि हळूच रुमालात ठेवला. "छे! हा पिंजऱ्यातला."

"अहो, दोन छरे काढलेत मी यातून!"

"मग काय झालं? पिंजऱ्यातल्यावर कुणी छरे झाडत नाही वाटतं?"

बिचारी केन्झेबू वाडगा उचलून तणतणत गेली. मित्रांनी माना डोलावल्या.

निघताना तालायने सासऱ्याला घोड्यावर चढवलं. म्हातारा खाली वाकून त्याच्या कानाशी कुजबुजला, "जावईबापू, माझे चारच दात उरलेत. या टोळक्याला कळता कामा नये. पुढच्या शुक्रवारी परत शिकारीला जा, पण मारायचं ते पिंजऱ्यातलंच!"