एक लांब, दोन आखूड

आमचे शेजारी गभणेजी रोज सकाळी संतापलेले उठतात. कोणावर संतापायचं हे मात्र उठल्यानंतर ठरतं. 'याले जबाबदार कोन?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. प्रश्न वाईट नाही. पण ज्या गोष्टीला जगात कोणीच जबाबदार नसतं, नेमक्या त्याच गोष्टीबद्दल ते तो विचारतात.

एकदा थंडीत आम्ही दोघं वरठीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. गाडी दीड तास उशिरा. गभणेजी तडक आत गेले.

"धुकं आहे ना काका," आतले साहेब म्हणाले.

"धुकं मले दिसून राहिलं. जबाबदार कोन हाय, ते सांगा."

दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यावर 'इथे कापा' म्हणून तुटक रेघ असते. तिथे कापलं तर अर्धं दूध ओट्यावर जातं, हे सगळं जग गप्प बसून सहन करतं. गभणेजी ती रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, दूध डेअरीत घेऊन गेले. "कापाची नव्हती त रेघ काहून मारली?"

रेघेबद्दल ते फार हळवे आहेत. सारी नोकरी त्यांनी वरठीच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला काढली. आता वय सत्तरीच्या आसपास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलनीत ते एकटेच राहतात. खिशात दोन पेन्सिली आणि सहा इंची पट्टी असल्याशिवाय भाजी आणायलासुद्धा निघत नाहीत.

मी आंधळगावला एका शाळेत संगणक शिकवते. हे त्यांना कळलं, त्या दिवसापासून माझ्या घरातली शांती संपली.

गेल्या वर्षीची गोष्ट. बुधवारी संध्याकाळी मी शाळेतून येऊन चप्पलसुद्धा काढली नव्हती, तोच गभणेजी दारात.

"मॅडम, नवीन कार्ड टाकलं अन् मशीन आंधळी झाली. आता याले जबाबदार कोन?"

गेले त्यांच्याकडे. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं करून आडवं ठेवलेलं, ऑपरेशनला घ्यावं तसं. काढलेले स्क्रू वाट्यांमध्ये, आणि प्रत्येक वाटीला नंबर. आत नवं कोरं ग्राफिक्स कार्ड. बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पडदा मात्र काळाच. आणि आतून आवाज यायचा: एक लांब, दोन आखूड. हा आवाज त्यांनी आलेख कागदावर मोजून काढून ठेवला होता. लांब रेघ चार चौकोन, आखूड रेघ एक चौकोन. खाली 'स्केलनुसार' असंही लिहिलं होतं.

"तुम्ही पडद्याची वायर जुन्याच जागी लावलीय," मी म्हणाले. "ती आता कार्डाच्या मागे लावायची."

"मंग जुनी जागा बुजवून काहून नाही टाकत हे लोक?"

वायर बदलली. एक लांब, दोन आखूड. मग कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवलं. "टक् असा आवाज आला पाहिजे," मी म्हटलं.

"पुस्तकात टक् लिहेल नाही."

त्यांनी कार्डासोबत आलेलं पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "पाहा. जगातल्या साऱ्या भाषा हायेत याच्यात. माहीच नाही!"

टक् झालं. पडदा काळाच.

"पण गभणेजी, तुम्हाला एवढं मोठं कार्ड लागतं कशाला?"

"काम हाय." मग थोडं थांबून, भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "शनवारच्या आत चालू व्हाले पायजे. एक बाई येऊन राहिली."

हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगायला नको होतं. गुरुवारी सकाळपर्यंत साऱ्या कॉलनीला कळलं की गभणेजींकडे शनिवारी एक बाई येणार आहे आणि तिच्यासाठी ते कॉम्प्युटर सजवून राहिले आहेत.

गुरुवारी संध्याकाळी ते मला स्कूटरवर बसवून दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने कार्ड त्याच्या मशीनला लावलं. लगेच चाललं. गभणेजींचा चेहरा असा झाला की जणू कार्डाने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

"कार्ड ओके आहे, आजोबा," दुकानदार म्हणाला. "तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम असेल. आणि नातवाला म्हणा, गेम जरा कमी खेळ."

"मले नातू नाही," गभणेजी म्हणाले. "मी गेम खेळत नाही. अन् मी तुमचा आजोबा नाही. लेखी द्या."

"काय लेखी द्या?"

"कार्ड ओके हाय म्हनून. खाली सही."

एरवी मला लाज वाटली असती. पण त्या दिवशी मीही चिडले होते. 'आमच्याकडे तर चालतं' हे वाक्य मी मिक्सरपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक दुकानात ऐकलंय. म्हणजे दोष वस्तूत नाही, दुकानात नाही, दोष आमच्या घरात! मीही काउंटरवर हात ठेवून म्हटलं, "द्या लेखी." आणि त्या माणसाने खरोखर बिलाच्या मागे लिहून सही करून दिली.

त्या कागदाने कॉम्प्युटर काही चालू झाला नाही. पण परत येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी येताच मी कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे साऱ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, काढून हातात घेतला. रिकाम्या डब्यासारखा हलका.

"कार्डाला जेवढी वीज लागते, तेवढी हा देतच नाहीये."

"काहून नाही देत? साडेचारशे वॅट लिहेल हाय ना!"

"लिहिलेलं असतं, गभणेजी."

झालं. मी हे बोलायला नको होतं. "लिहिलेलं असते म्हनजे?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मी जिंदगीभर ड्रॉइंग काढले. मी बारा लिहिलं त लोखंड बाराच भरे! कोनी लिहिलं हे साडेचारशे? त्याचं नाव सांगा मले!"

नाव मला माहीत नव्हतं. चांगला एसएमपीएस नागपूरहून सोमवारी येणार होता, आणि बाई शनिवारी. गभणेजी गप्प झाले. त्यांना गप्प पाहायची मला सवय नव्हती. माझ्याच तोंडून निघून गेलं, "माझ्या मशीनचा काढून लावू दोन दिवस."

का म्हणाले, देव जाणे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चाचणीच्या प्रश्नपत्रिका होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतःच्या चालत्या मशीनचं पोट फाडलं आणि त्यातला डबा पदराआड धरून, सासूबाईंची नजर चुकवून, शेजारी नेला. बसवला. त्याची सहा टाचण्यांची वायर कार्डाच्या तोंडात खोचली. बटण दाबलं.

आता तर मशीन एकसारखी किंचाळायलाच लागली. आखूड, आखूड, आखूड, थांबेचना. गभणेजींनी आलेख कागद ओढला.

"लिहू नका!" मी ओरडले. "काही लिहू नका! वीज बंद करा आणि हात लांब ठेवा!"

डबा बसवताना त्यांच्या कोपराने रॅमची पट्टी एका बाजूने वर उचलली गेली होती. दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबली, पुन्हा बटण दाबलं, आणि पडदा उजळला. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. गभणेजींनी वाजवल्या नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी एक फाईल उघडली.

पडद्यावर एक गाव उभं राहिलं.

कवेलूंची, म्हणजे कौलांची, घरं, मारुतीचा पार, विहिरीचा रहाट, खाली नदीकडे उतरणारी गल्ली. त्यांनी बटण दाबलं की आपण त्या गल्लीतून चालत जायचो.

"माहं गाव," ते म्हणाले. "धरनाच्या पान्यात गेलं. कार्डाच्या आधी मशीन एका वेळी एकच घर दाखवे. सारं गाव उघडलं की बंद पडे. गाव का एका घराचं रायते?"

चार वर्षं ते काढत होते. उठवलेले लोक नव्या वस्तीत, नागपुरात, कुठे कुठे पांगलेले. त्यांना फोन करून विचारायचे, तुमच्या दारातून वाकून जा लागे का सरळ? वाकून, तर किती? त्यावरून दाराची उंची काढायची. आणि उद्या येणारी बाई म्हणजे खालच्या गल्लीतली सोनाबाई ढिवरीण. तिचा मुलगा तिला कायमचं नागपूरला नेत होता, जाताना तासभर ती इथे थांबणार होती.

गल्लीत दोन घरांच्या मधे एक जागा मोकळी होती. "इथे काय?" मी विचारलं.

"ते राहिलं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी फाईल बंद केली.

शनिवारी दुपारी सोनाबाई आली. ऐंशीच्या पुढची, जाड भिंगाचा चष्मा. मुलगा तिला टेबलाशी बसवून गाडीत हवा भरायला गेला. कॉलनीतल्या चारपाच जणी कुंपणाशी उगीच घुटमळत होत्या. बाईचं वय पाहून त्या हिरमुसल्या होऊन पांगल्या. मला गभणेजींनी थांबवून घेतलं, मशीन पुन्हा आंधळी झाली तर म्हणून.

त्यांनी हळूहळू गल्ली चालायला सुरुवात केली. सोनाबाई पडद्याला नाक लावून बसली.

"अगो बाई! हे त आमचं दार! अन् जाळं वायू घातलं हाय पाय बांबूवर!" ती लहान पोरीसारखी हसली. मग एकेका दारापाशी ती नाव घ्यायची आणि गभणेजी मान हलवायचे. मोकळी जागा आली. ते तिथून भरकन पुढे निघाले.

"थांब जरा, सीताराम. तुहं घर काहून नाही काढलं?"

गभणेजी कीबोर्डकडे पाहत राहिले. "गाव उठलं तवा मी ड्युटीवर होतो, सोनामाय. सुट्टी मांगितली असती त भेटली असती. नाही मांगितली. मंग गेलो त पानीच पानी होतं. मायनं घर कसं सोडलं, मले ठाऊक नाही. कसं काढू?"

"तिले विचारलं नाही?"

"हिंमत नाही झाली. अन् वर्षात गेली ते."

मी पाण्याचा पेला सोनाबाईपुढे सरकवला. तिने चष्मा पुसला.

"मी होती ना तथी," ती म्हणाली. "टॅक्टर भरून उभा होता. तुही माय बसली, अन् मंग खाली उतरली. मनली, घर पारोसं टाकून नाही जात मी. आंगन झाडलन. सडा टाकलन. डायवर बोंबलून राहिला होता, त्याच्याकडे पायलं बी नाही. रांगोळीचा चौक काढलन दारात, चांगला मोठा. मंग कुलूप लावलन अन् चुपचाप येऊन बसली."

गभणेजींनी एक कोरा कागद पुढे घेतला आणि खिशातली पेन्सिल काढली.

"चौक कसा होता, माय?"

सोनाबाईने पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलावर पाण्याचे ठिपके द्यायला लागली. पाच. त्याखाली पुन्हा पाच. गभणेजी वाकून एकेक ठिपका कागदावर घेत होते. तिसरी ओळ होईपर्यंत पहिल्या ओळीतले ठिपके वाऱ्याने वाळायला लागले. सोनाबाईचं बोट थांबलं.

गभणेजी उठले, त्यांनी पंखा बंद केला आणि परत येऊन तिच्या शेजारी बसले.