पत्र एकीकडे, पेटी दुसरीकडे

पेटीच्या दर्शनी भागावर दोन दिवे होते. पेटी स्वतःच्या साठ्यातून काही द्यायची तेव्हा हिरवा लुकलुकायचा. बाहेरच्या लाइनवरून आणावे लागले की पिवळा. वहिनीने एका संध्याकाळी घड्याळ लावून मोजले होते: नऊ वेळा हिरवा, तेव्हा दोन वेळा पिवळा. म्हणजे वस्तीतली तीनशे घरे जे काही मागत होती, त्यातले बहुतेक शेजारच्याने आधीच मागून झालेले होते. प्रत्येकाची आवड अगदी वेगळी असते, असे त्याच तीनशे घरांत प्रत्येकाला वाटत होते.

वहिनी म्हणजे मालकाच्या थोरल्या भावाची बायको. भौतिकशास्त्र शिकलेली, बोलणे मोजके. मालक घरोघरी इंटरनेट पुरवायचा. त्याची मुख्य लाइन बारीक, आणि गिऱ्हाइके टॉरेंटवर एकमेकांकडून अवजड फायली ओढणारी. म्हणून तीन महिने खपून वहिनीने ही पेटी बसवली होती. एखादी फाइल तीन घरांनी मागितली की पेटी तिची प्रत ठेवून घ्यायची आणि चौथ्या घराला परस्पर द्यायची. लाइन मोकळी राहायची, गिऱ्हाइके खूश राहायची, आणि मालक स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश राहायचा.

मग पत्र आले. एका चित्रपट कंपनीने विचारले होते, की आमच्या अमुक चित्रपटाची प्रत तुमच्या यंत्रात साठवलेली आहे का, ते पंधरा दिवसांत लेखी कळवा. नाहीतर कारवाई करू. मालकाने पत्र उभ्याने वाचले, मग बसून वाचले, आणि मामांना फोन लावला.

मामा वकील होते. तीस वर्षे त्यांनी घरमालक आणि भाडेकरू यांचेच खटले चालवले होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भानगडीत त्यांना आधी एक घरमालक आणि एक भाडेकरू दिसायचा.

“फाइल पेटीत किती दिवस राहते?” त्यांनी आल्या आल्या विचारले.

“मागणी असेपर्यंत,” वहिनी म्हणाली. “कुणी विचारेनासं झालं की आपोआप जाते.”

“म्हणजे मुदत नाही, करार नाही, भाडं नाही.” मामांनी चष्मा काढून पुसला. “सूनबाई, हा तर घुसखोर. घरमालकाला माहीत असेल तर तो सामील, माहीत नसेल तर तो बिचारा. आपल्याला बिचारं राहायचंय.”

वहिनीने कायदा स्वतः वाचून काढला होता. यंत्र आपोआप साठवत असेल तोवर फारसे बिघडत नाही; माहीत असून ठेवले तर मात्र बिघडते, एवढा त्याचा मथितार्थ तिला लागला होता. तिने दोन मार्ग सांगितले. भाऊजींनी चित्रपटाचे नाव सांगावे, ती पेटीची यादी बघेल, असेल तर दहा मिनिटांत काढून टाकेल आणि तसे कळवेल. किंवा पेटी कायमची बंद करावी आणि जाड लाइन घ्यावी.

“दोन्ही चालेल, भाऊजी. अधलंमधलं काही चालायचं नाही.”

मालक म्हणाला, दोन दिवसांत सांगतो. त्या दोन दिवसांत मामांनी अधलेमधले शोधून काढले.

त्यांचा विचार असा होता. चित्रपटाचे नाव फक्त मालकाला माहीत आहे, कारण पत्र त्याने वाचले. पेटीत काय आहे ते फक्त वहिनीला माहीत आहे, कारण यादी तीच बघते. हे दोघे जोवर एकमेकांशी बोलत नाहीत, तोवर पुरवठादार म्हणून आपल्याला काहीच माहीत नाही. उत्तरात तसे लिहायचे आणि ते खरेही असेल. तोपर्यंत नाव पेटीजवळ जाता कामा नये आणि यादी पत्राजवळ येता कामा नये.

कार्यालय एका खोलीचे होते. सुताराला बोलावून मधोमध प्लायवूडची भिंत घालण्यात आली. एका बाजूला पत्र, दुसऱ्या बाजूला पेटी. स्वच्छतागृह पेटीच्या बाजूला आले. मालकाला तिकडे जावेच लागे, आणि जाताना पेटीच्या पडद्यावरची यादी दिसू नये म्हणून त्याने घरून एक जाड रजई आणून पेटीवर पांघरली. वहिनी तो आठवडाभर खांबाखांबावर तारा जोडत बाहेरच फिरत होती.

घरी परिस्थिती अधिक नाजूक होती, कारण जेवणाच्या टेबलावर प्लायवूड घालायला सासूबाईंनी नकार दिला. दोघांसमोर चित्रपटांचा विषय काढायचा नाही असे ठरले. तरी एकदा सासूबाई बोलता बोलता कुठल्यातरी चित्रपटाचे नाव घेऊन गेल्या, आणि मालकाच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मामांना हे कळले तेव्हा ते गंभीर झाले. काहीच उमटले नाही, म्हणजे पत्रातला चित्रपट तो नव्हे, हे सूनबाईंना कळले. ही माहितीच झाली. यापुढे कुणी कुठलेही नाव घेतले तर मालकाने ठसका लागल्यासारखे करावे, असे त्यांनी सुचवले. पुढचे तीन दिवस मालक हवामानाच्या बातम्यांनाही ठसकत होता.

आठव्या दिवशी संध्याकाळी पेटी बंद पडली. रजईखाली तिची हवा कोंडली होती. वहिनीने रजई काढली, घडी केली आणि मालकाच्या टेबलावर ठेवली. पेटी गार होऊन पुन्हा उठली, पण पुढे जाईना. पडद्यावर एकच प्रश्न होता: चार फायली खराब झाल्या आहेत, त्या काढून टाकू का? हो किंवा नाही.

तिने ‘हो’वर बोट ठेवण्याआधी मामांना विचारले, ही तिची चूक झाली.

“हो म्हणालात तर पत्र आल्यानंतर पुरावा नष्ट केला असं होईल,” मामा म्हणाले. “नाही म्हणालात तर पत्र आल्यानंतरही माल ठेवून घेतला असं होईल.”

“मग?”

“काहीच म्हणू नका. प्रश्न प्रलंबित ठेवा.”

तीस वर्षांत मामांचा एकही खटला निकाली निघाला नव्हता, आणि त्याचे कारण वहिनीला आता समजले.

पेटी उत्तराची वाट बघत थांबली. सगळा भार बारीक लाइनवर आला आणि संध्याकाळी वस्तीचे इंटरनेट गोगलगाईसारखे चालू लागले. मालकाचा फोन वाजू लागला तो थांबेना. शिकवणीच्या बाई मुलांना धडा दाखवायला जायच्या आणि स्वतःचेच तोंड उघडे असलेले गोठलेले चित्र बघत बसायच्या. पाच दिवसांत एकवीस घरे दुसऱ्या कंपनीकडे गेली. वहिनी रोज सकाळी प्लायवूडच्या कडेला उभी राहून विचारायची, की भाऊजी, ठेवायची की काढायची? मालक रोज म्हणायचा, बघू. आणखी चाळीस घरे गेली असती तर लाइनचे पैसेही सुटले नसते, मग बघायला काही उरले नसते, आणि हे दोघांनाही कळत होते.

चौदाव्या दिवशी चित्रपट कंपनीच्या बाई स्वतः आल्या. दमलेल्या होत्या, पायातल्या चपलेचा पट्टा तुटलेला होता. मामा घाईघाईने आले आणि प्लायवूडच्या बरोबर दारात खुर्ची टाकून बसले.

“शहरातल्या सगळ्या पुरवठादारांना तेच पत्र पाठवलं होतं,” बाई म्हणाल्या. “तुमचंच उत्तर राहिलंय.” आणि मामांनी हात वर करायच्या आत त्यांनी चित्रपटाचे नाव उच्चारले.

मालक सवयीने ठसकला. वहिनी प्लायवूडच्या आड गेली, पेटी अडलेली असली तरी उघडणारी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली आणि नोंदी कागदावर उतरवून बाहेर आली.

“आमच्याकडे नाही.”

बाईंचा चेहरा पडला. “नीट बघितलंत ना?”

“तीन घरांनी मागितल्याशिवाय पेटी ठेवून घेत नाही.”

“तीनसुद्धा नाहीत?”

“एका घरानं मागितला होता,” वहिनीने नोंद वाचली. “अकरा मिनिटांनी रद्द केला. चार टक्के उतरल्यावर.”

बाई खुर्चीत टेकून बसल्या. सगळ्या पुरवठादारांनी नाही असेच कळवले होते, हे त्यांनी हळूहळू सांगितले. चित्रपट थिएटरात चार दिवस टिकला. “आमच्या साहेबांना वर सांगायचंय, की चोरीमुळे पडला. आणि चोरच सापडत नाहीये.”

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मजकूर तयार होता: सदर चित्रपटाची प्रत आमच्या यंत्रात आढळली, ती काढून टाकली आहे, यंत्र कायमचे बंद केले आहे. यावर सही केली, तर दंड नाही, कारवाई नाही, प्रकरण आजच मिटेल. केली नाही, तर साहेब कोर्टात जायला मोकळे.

मामांनी कागद दोनदा वाचला आणि प्रसन्न झाले. तीस वर्षांत इतकी सुबक तडजोड त्यांनी पाहिली नव्हती.

“पण ती फाइल इथे नाहीच,” वहिनी म्हणाली. “मामा, जो भाडेकरू घरात नाही, त्याला बाहेर कसं काढणार?”

“कागदोपत्री आधी आत घ्यायचा, सूनबाई.”

वहिनी मालकाकडे वळली. “सही केलीत तर पेटी गेली, भाऊजी. जाड लाइन घ्यायची ऐपत आता राहिलेली नाही. नाही केलीत तर कदाचित कोर्ट. मी जे नाही ते आहे असं लिहिणार नाही. सही तुमची, तुम्ही ठरवा.”

बाईंनी पेन पुढे केले. मामांनी टेबलावरची रजई उचलून सहीसाठी जागा केली. मालकाचा फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. त्याने पेन हातात घेतले, त्याचे टोपण काढले, टोपण परत लावले. नेहमीप्रमाणे तो आता बघू म्हणणार, म्हणून मामांनी पुढच्या तारखेसाठी डायरीही उघडली.

मालकाने पेन बाईंना परत दिले.

“‘आमच्याकडे नाही’ असंच लिहा, वहिनी,” तो म्हणाला. “चार टक्क्यांसकट लिहा. आणि पेटी ठेवायची. त्या पडद्यावर हो म्हणा, आत्ता चालू करा.”