मुक्काम पोस्ट करडी, आजार सात

अर्जातल्या 'कायमचा पत्ता' या रकान्यात भूषणने आपल्या करडी गावचा पत्ता लिहिला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. त्याची तशी काही चूक नव्हती. भंडाऱ्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तो एम.डी. करत होता, राहायला वसतिगृहात होता, आणि तिथल्या खोलीला कायमचा पत्ता म्हणायला कोणाचंच मन धजावलं नसतं.

अर्ज ग्रंथालयाचा होता. ग्रंथपाल चंद्रभानजी नुकतेच नागपूरहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. जगभरातली वैद्यकीय नियतकालिकं संगणकावर कशी धुंडाळायची, संशोधकाला हवे ते लेख कसे शोधून द्यायचे, हे सगळं ते शिकले होते. आल्याबरोबर त्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं, त्याखाली 'संदर्भशोध सेवा' अशी पाटी टांगली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. अडीच महिने कोणी फिरकलं नाही. मुलं ग्रंथालयात येत, ती पंख्याखाली झोपायला.

अशात एक दिवस भूषण आला. "सर, तलावात मासे धरणाऱ्यांच्या आजारांवर प्रबंध लिहून राहिलो. थोडे लेख पाह्यजे होते."

चंद्रभानजींना अगदी भरून आलं. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुसली.

"कोणकोणते आजार?"

"सध्या हत्तीरोग. मंग एकेक सांगतो."

"सांगत जा. एकेका विषयाचा शोध झाला का आमी तसं लेखी कळवत जाऊ."

लेखी म्हणजे कुठेतरी वहीत, असं भूषणला वाटलं. चंद्रभानजींचा नियम होता पोस्टकार्डाचा, आणि तेही कायमच्या पत्त्यावर. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती. भूषण रोज त्यांच्यासमोर बसायचा, लेखांची चळत त्यांच्याच हातून घ्यायचा, तरी एकेक विषय पूर्ण झाला की संध्याकाळी त्याचं कार्ड करडीला निघायचंच.

करडीत भूषणच्या आईवडिलांना, सखाबाई आणि मनिरामला, लिहितावाचता येत नव्हतं. त्यामुळे पोस्टमन नत्थू दारात उभा राहून टपाल वाचून दाखवायचा. त्याचा आवाज खणखणीत होता. शेजारच्या चार घरांना वेगळं विचारायला यावं लागत नसे.

"'श्री. भूषण यांस. आपला विषय : हत्तीरोग. शोध पूर्ण. बेचाळीस सापडले. कृपया भेटावे.'"

"बेचाळीस काय जी?" सखाबाईने घाबरून विचारलं.

"ते नाई लिवलं. पण सापडले म्हंते."

पुढच्या आठवड्यात कावीळ आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात खरूज आणि मूळव्याध बरोबरच आल्या. मग जंतांचं कार्ड आलं : 'अकराशे चाळीस सापडले, पैकी दोनशे पाहण्याजोगे.' सखाबाईने कपाळावर हात मारला. "पोळ्याले तं चांगला धडधाकट गेला होता माहा पोरगा!" सहावी सांधेदुखी. सातवं कार्ड हातात घेतल्यावर मात्र नत्थूने नोकरीत पहिल्यांदाच आवाज खाली आणला. विषय होता 'पुरुषांमधील वंध्यत्व'. आवाज खाली आल्यामुळे शेजारचे लोक जवळ सरकले, एवढाच फरक पडला.

एरवी गावाने चार दिवस चर्चा करून विषय सोडला असता. पण भूषणचं लग्न तुमसरच्या रंजिताशी जवळजवळ ठरलं होतं. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. दोघं दोनदाच भेटले होते, पण भूषणचा जीव तिच्यावर जडला होता. रंजिताचे वडील टिकारामजी मासळीचे ठोक व्यापारी. करडीचे मासे रोज सकाळी त्यांच्याच दुकानात जात, आणि माशांबरोबर बातमी फुकटच जाते.

एका दुपारी मनिराम वसतिगृहात हजर झाला. एका हातात माशाच्या रश्शाचा डबा, दुसऱ्या हातात काविळीची माळ.

"बाबू, खरं सांग. आता किती झाले?"

"काय किती झाले?"

"रोग. सातपर्यंतचे आमाले माहीत हायेत."

कार्डांचा आणि तुमसरपर्यंत गेलेल्या बातमीचा उलगडा झाला, पण ते प्रबंधाचे विषय आहेत हे बापाला काही पटेना, तेव्हा भूषण गळ्यातल्या माळेसकट ग्रंथालयात धावला. "सर, माहं लगन मोडून राहिलं! शोध थांबवा. आत्ताच्या आत्ता!"

"काहून? आठवा विषय कालच घेतला ना," चंद्रभानजींचा चेहरा पडला. पण संशोधकाची इच्छा त्यांना आज्ञेसारखी होती. त्यांनी शोध थांबवला, आणि नियमाप्रमाणे तसं कळवलंही.

शनिवारी नत्थूने करडीत शेवटचं कार्ड वाचलं. "'शोध थांबवण्यात आला आहे. यापुढे आमच्याकडून काहीही होण्यासारखे नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'"

त्यानंतर सखाबाईने जो टाहो फोडला तो अर्ध्या गावाने ऐकला. निरोप मिळून संध्याकाळी भूषण घरी पोचला तेव्हा दूरदूरचे पाहुणे येऊन बसले होते. मला काही झालेलं नाही, असं तो सांगायला लागला की बायका आणखी रडत. "पाहा माय, आपल्याले दुःख होऊ नाई म्हणून कसा बोलून राहिला!" शेवटी ललिताबाई आत्याने त्याला दंडाला धरून खाटेवर आडवं केलं आणि त्यानंतर आठवडाभर कोणी त्याला उठूच दिलं नाही.

तिकडे रंजिताचा यातल्या एकाही आजारावर विश्वास नव्हता. पण टिकारामजी ऐकेनात. "रोगी मानूस आपला रोग सांगते का कधी? लेखी काई असन तं दाखव." ती शाळेत शिकवायची, तेव्हा लेखी म्हटल्यावर ती डगमगली नाही. तिने भंडाऱ्याची बस धरली, थेट ग्रंथालय गाठलं आणि अर्ज भरला. हे सातही आजार एका माणसात एकाच वेळी असल्याचं जगात कुठे नोंदलेलं आहे का, एवढंच तिने विचारलं. बाहेरून आलेलं पहिलं गिऱ्हाईक पाहून चंद्रभानजी जेवायलासुद्धा उठले नाहीत. कार्ड तुमसरला गेलं, अर्थात कायमच्या पत्त्यावर.

पुढच्या रविवारी टिकारामजी करडीत आले. रंजिताही आली, कारण आजाऱ्याला भेटायला मुहूर्त लागत नाही. टिकारामजींनी खिशातून कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "'जगभरातील नियतकालिके पाहिली. असा एकही रुग्ण आजवर नोंदलेला नाही. शून्य सापडले.'"

भूषण खाटेवर उठून बसला. सुटलो, असं त्याला वाटलं.

"समजलं का मनिरामभाऊ?" टिकारामजींचा ऊर भरून आला होता. "साऱ्या जगात असा दुसरा नाई! माह्या साडूनं इंजिनिअर जावई केला. काय नवल हाय त्यात? जवाहरनगरच्या कारखान्याची बस थांबली का धा इंजिनिअर उतरतात. असा जावई कोणापाशी हाय, सांगा! मी तं साऱ्या तुमसरच्या बजारात सांगून आलो."

"पण ते सातवं..." ललिताबाईने पदराआडून सुचवलं.

"सातवं काढलं तं साहाच राह्यतात! साहावाले जगात कितीक असतीन!"

"मामाजी," भूषणला राहवेना, "मले काईच झालं नाई. ते सारे प्रबंधाचे विषय होते."

टिकारामजींचा चेहरा उतरला. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग भूषणकडे.

"एकही नाई?"

"एकही नाई."

"मूळव्याधसुदिक नाई?"

"नाई जी."

"म्हंजे तू साधाच हायेस," ते उदास होऊन म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

भूषणने रंजिताकडे पाहिलं. ती वडिलांच्या मागे उभी राहून दोन्ही हात जोडत होती. सात-आठ वर्षांचं वैद्यकीय शिक्षण, गुरुजनांचे संस्कार, सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो पुन्हा खाटेवर आडवा झाला आणि खोकला. खोकला त्या सातांत नव्हता, पण ऐनवेळी तोच सुचला.

"तुमाले सांगाचं नव्हतं, मामाजी," तो क्षीण आवाजात म्हणाला. "हायेत. सातही हायेत. तुमी काळजी नका करू."