नऊ वेळा दुरुस्त झालेली एकच गिटार

बायकोपासून वस्तू कशी लपवावी, या विषयावर पोलादकाका तासभर व्याख्यान देऊ शकले असते. ते बायकोच्या कानावर जाईल अशी भीती होती, म्हणून दिलं नाही एवढंच!

"एक गिटार लपवणारा माणूस हमखास पकडला जातो," ते आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून आपल्या वाद्यवृंदातल्या तबलजीला सांगत. "नऊ लपवणारा कधीच नाही. नऊच्या नऊ एकसारख्या दिसल्या पाहिजेत, बस्स! बायको एकच मोजते!"

"आणि काकूंना कळलं तर?"

"चोवीस वर्षांत कळलं नाही, ते आता काय कळणार!"

अर्ध्या वस्तीला काकांच्या दुकानामुळे नीट दिसायला लागलं होतं. स्वतःच्या बायकोला मात्र काही दिसू नये, याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती. नऊही गिटारींना एकच काळा रंग, नऊही पेट्या एकाच मापाच्या आणि काळ्या. आठ पेट्या दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता टांगलेल्या कपाटात. नववी घरी. नियम एकच, घरात एका वेळी एकच पेटी. काका एक घेऊन जात, दुसरी घेऊन येत, आणि काकूंच्या लेखी ती सगळी एकाच गिटारची ये-जा असे.

कधीमधी काकू म्हणत, "अहो, काल ही कशी भरल्या गळ्यानं वाजत होती. आज एकदम टणटणीत?"

"हवामान!" काका म्हणत.

"आणि हा ओरखडा कालपर्यंत नव्हता."

"हवामान!"

हवामानाचा इतका उपयोग शेतकऱ्यांनीसुद्धा करून घेतला नसेल.

आता नऊ कशाला, असं कुणीही विचारील. काकांची गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन म्हणतात ती. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवायचा. काकांना पोलादकाका हे नाव त्या तुकड्यावरूनच पडलं. ही गिटार ज्या सुरांत लावून ठेवाल त्या सुरांतली गाणी गोड वाजतात, बाकीची रुसून बसतात. मंचावर दर गाण्याला तारा पिळत बसलं तर श्रोते उठून जातात. म्हणून दुसरी गिटार. मग तिसरी. चौथीपासून पुढच्यांना कारण नव्हतं, फक्त ओढ होती, असं काका स्वतःच तबलजीला सांगत!

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. या गिटारच्या तारा मानेपासून, म्हणजे खालच्या लांब लाकडी दांड्यापासून, चांगल्या बोटभर उंच असतात. टोकाशी त्यांच्याखाली एक उंच हाडाची पट्टीच बसवलेली असते. तारा उंच, म्हणून पोलाद खाली लाकडाला घासत नाही. हे काकूंच्या भावाला माहीत नव्हतं, आणि घोळ झाला तो तिथे.

झालं असं, की सव्वीस वर्षं वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत, झांजवाल्याच्या कोपराखाली बसून वाजवल्यावर काकांना पहिल्यांदा स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्यांच्या दुकानासमोरच्या सभागृहात, पूर्ण एक तास, एकट्याचा! साथीला फक्त तबलजी. फलकावर आपलं नाव रंगवलं जात असताना काका रंगाऱ्याच्या पुढ्यात इतका वेळ उभे राहिले, की शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही बाजूला झालात तर मला अक्षर दिसेल."

काकांच्या गुरूंचा एक दंडक होता. मोठ्या कार्यक्रमाआधी दहा दिवस वाजवायचं नाही. हात उपाशी ठेवायचा, म्हणजे मंचावर तो भुकेनं वाजवतो. त्या दहा दिवसांत फक्त नव्या तारा चढवायच्या आणि त्यांना ताण धरू द्यायचा. कार्यक्रमाला तीन गिटारी लागणार होत्या, पण कुठल्या तीन न्यायच्या हे काकांचं ठरेना. पोटच्या पोरींतून निवड करायची म्हणजे काय! शेवटी त्यांनी नऊही गिटारींना तारा चढवायच्या ठरवल्या. रोज संध्याकाळी एक पेटी घरी आणायची, तारा बदलायच्या, दुसरा दिवसभर ती घरी मुरू द्यायची, आणि संध्याकाळी न उघडता दुकानात नेऊन पुढची आणायची.

इकडे कार्यक्रमाआधी गिटार एकदा जाणकाराच्या नजरेखालून जावी म्हणून काकूंनी पहिल्याच दिवशी दुपारी भावाला बोलावून घेतलं. हा भाऊ फर्निचरवाला. तरुणपणी त्यानं तीन महिने साधी गिटार शिकली होती, आणि तीन महिने शिकलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं तीस वर्षं शिकलेल्यालाही कळत नाही! त्यानं पेटी उघडली, तारांखाली बोट घातलं, आणि एकदम गंभीर झाला.

"ताई, ही गिटार बिघडलेली आहे."

"म्हणजे रे?"

"तारा बघ कुठे गेल्यात! गिटारच्या तारा बोटांनी दाबायच्या असतात. या दाबल्या जाणारच नाहीत. म्हणून तर भाऊजी बिचारे लोखंडाचा तुकडा घासत बसतात!"

काकू मटकन खाली बसल्या. "सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं!"

"आणि एका शब्दानं बोलले नाहीत रे कधी! घरखर्च बघत राहिले, पण गिटार दुरुस्त करून घेतली नाही!" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना खरोखर भरून आलं होतं. "तू दुरुस्त कर. पण त्यांना सांगायचं नाही. तारा चढवून झाल्यात, आता दहा दिवस ते वाजवायचे नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी पेटी उघडतील तेव्हाच कळू दे!"

भावानं हत्यारं काढली. उंच पट्टी उपटली, बुटकी पट्टी बसवली, तारा पार मानेला टेकवल्या. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'दुरुस्त'.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कौतुकानं पेटी उघडली. तारा पुन्हा वर!

"तुझं काम एक दिवस टिकलं नाही!" त्यांनी भावाला फोनवर झाडलं.

भाऊ धावत आला. गिटार उलटी करून पाहिली. तारीख गायब! गिटारचे स्क्रूसुद्धा कालची जागा सोडून भलतीकडेच गेले होते. असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. त्यानं बनवलेली कपाटं जिने उतरताना पडली होती, पण दारं निखळली नव्हती!

"लाकूड फुगतंय, ताई," तो खूप विचार करून म्हणाला. "हवामान."

"हेही तसंच म्हणतात," काकू म्हणाल्या.

त्यानं पुन्हा पट्टी काढली, नवी बसवली, तारीख घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी भावानं दुकान बंद ठेवलं. पाचव्या दिवशी त्याला जेवण जाईना. सहाव्या दिवशी काकूंना वेगळाच संशय आला आणि त्यांनी काकांना जेवताना गाठलं.

"अहो, तुम्ही संध्याकाळी त्या गिटारला नेमकं काय करता?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी? तारा बदलतो! नुसत्या तारा!"

"रोज?"

"त्या... लवकर शिळ्या होतात."

"आणि दुसरं काही करत नाही ना? काढघाल?"

काढघाल! काकांना दरदरून घाम फुटला. हिला पेट्यांचं कळलं की काय! "कसली काढघाल! एकच तर गिटार आहे!"

"हो ना, एकच आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकी माया होती की काकांना रात्रभर अपराध्यासारखं वाटलं. सकाळी उठून ते पुढच्या पेटीच्या तयारीला लागले.

नवव्या दिवशी भावानं नवव्यांदा दुरुस्ती केली. एव्हाना त्याचे डोळे खोल गेले होते.

दहाव्या दिवशी संध्याकाळी काका डोळे मिटून हाताला आल्या त्या तीन पेट्या घेऊन सभागृहाच्या मागच्या खोलीत पोचले. कार्यक्रमाला पाऊण तास होता. ते दोन पेट्या तबलजीच्या सामानाआड सरकवत होते, तेवढ्यात काकू आणि भाऊ आत आले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. भावानं दाढी केली होती, नऊ दिवसांनी.

"उघडा ना पेटी," काकू लाजत म्हणाल्या.

काकांनी पेटी उघडली. आत पाहिलं. पोलादाचा तुकडा तारांवर ठेवून सरकवला. खर्रर्र! आवाज थेट लाकडातून आला, पत्र्यावरून लोखंडी खुर्ची ओढल्यासारखा.

"आवडलं?" काकूंनी विचारलं.

काकांच्या तोंडून शब्द फुटेना. काकूंना वाटलं, आनंदानं.

"मी केलं, भाऊजी!" भाऊ पुढे झाला. "आता बोटांनी वाजवा! टाका तो लोखंडाचा तुकडा!"

काकांनी दुसरी पेटी ओढली. तारा खाली! तिसरी उघडली. खाली!

"या दोन कुणाच्या?" काकूंनी विचारलं.

"तबलजीच्या," काका म्हणाले.

"माझ्या?" तबलजी म्हणाला. हा माणूस तालात पक्का होता, पण वेळेचं भान शून्य!

मग काकांनी लाज सोडली. सव्वीस वर्षांनी मिळालेला एक तास डोळ्यांदेखत चालला होता. "पळ!" त्यांनी दुकानाची किल्ली तबलजीच्या अंगावर फेकली. "तक्त्याच्या कपाटात सहा आहेत! एखादी तरी वाचली असेल!"

तबलजी आणि सभागृहाचा रखवालदार सहा काळ्या पेट्या घेऊन आले. झाकणं धडाधड उघडली. नऊच्या नऊ गिटारी जमिनीवर ओळीनं, सगळ्यांच्याच तारा मानेला चिकटलेल्या. काकू बोटानं मोजत होत्या. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि उलट बाजूनं पुन्हा मोजल्या.

भाऊ मात्र गुडघ्यांवर बसून एकेक गिटार उलटी करून बघत होता. नऊ तारखा! नऊ वेळा 'दुरुस्त'! त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

"ताई!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "टिकलंय! माझं काम टिकलंय! नऊही ठिकाणी टिकलंय!"

"जुन्या पट्ट्या कुठे आहेत?" काका ओरडले. "त्या उंच पट्ट्या!"

"चांगलं हाड होतं, वाया कशाला घालवायचं? तुमच्या घराच्या खिडक्या खडखडायच्या, तिथल्या फटींत ठोकल्या."

"म्हणूनच हल्ली वाजत नाहीत," काकू हळूच म्हणाल्या.

घरी जाऊन खिडक्या उचकटायला वेळ नव्हता. बाहेर खुर्च्या भरत होत्या. काका जमिनीवर बसले. नुसते बसले. चोवीस वर्षं गिटारी लपवणारा तो हुशार माणूस आता पार केविलवाणा दिसत होता.

"तारा वर उचलायला काय लागतं?" काकूंनी विचारलं. आवाजात ना राग, ना माया.

"काहीही. जाड, टणक, एवढंसं लांब..." काकांनी बोटांनी माप दाखवलं.

काकूंनी आपला चष्मा काढला. काकांनीच स्वतःच्या हातानं बनवलेला, जाड काळ्या काड्यांचा. त्यांनी एक काडी पिळून तोडली, मग दुसरी, आणि दोन्ही काकांच्या हातावर ठेवल्या. मग भावाकडे वळून नुसता हात पुढे केला. त्यानं आपला चष्मा दिला.

काड्या तारांखाली टोकाशी सरकवल्या. तारा टरारून वर आल्या. काकांनी पोलाद फिरवलं, आणि सूर असा निघाला की रखवालदारानं डोक्यावरची टोपी काढली.

काका त्या दिवशी कसे वाजवत होते ते तबलजीला विचारा. उपाशी हात नुसता तुटून पडला होता! पण काकांची नजर सारखी पहिल्या रांगेकडे जात होती. काकू बिनकाड्यांचा चष्मा दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरून बसल्या होत्या. पहिलं गाणं संपलं, सभागृहानं टाळ्या वाजवल्या, काकूंचे हात वरच. दुसरं संपलं, तरी हात वरच. काकांचा जीव टांगणीला लागला. एक तासाचा कार्यक्रम गेला खड्ड्यात, ही टाळी वाजवणार की नाही? शेवटचा सूर हवेत विरला. काकूंनी चष्मा मांडीवर ठेवला, आणि समोर काहीएक दिसत नसताना, मंचाच्या जरा डावीकडे तोंड करून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. काकांनी मान खाली घालून डोळे टिपले.

सुटलो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून काका गल्ल्यामागे बसतात न बसतात, तोच काकू आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकल्या.

"चष्मा हवा होता."

"अगं, करतोच आहे तुझा! काड्यासुद्धा—"

"नऊ."

"काय नऊ?"

"चष्मे. नऊ हवेत. काळे. सगळे एकसारखे."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. "अगं, एका बाईला नऊ चष्मे कशाला?"

"पेपर वाचायला एक, सुईत दोरा ओवायला एक, तुमच्याकडे बघायला एक. बाकीच्या सहांना कारण नाही, फक्त ओढ आहे."

हे वाक्य आपण तबलजीला ऐकवलं होतं, हे काकांना आठवलं. तबलजीला वेळेचं भान नव्हतंच, आता तोंडावर ताबाही नाही हे कळलं.

"पण नऊच्या नऊ एकसारखे केले, तर कुठला कशाचा हे कळणार कसं?" काकांनी दुबळा प्रयत्न करून पाहिला.

"नाही कळलं तर नाही कळलं," काकू उठत म्हणाल्या. "एखाद्या दिवशी तुम्ही मला नीट दिसला नाहीत, तर समजा, हवामान!"

काकांनी काचा घासायला घेतल्या.