कपाळाची लेव्हल

"उद्या फोटो आहे," शनिवारी सकाळी ड्युटीवर निघालेल्या आईने दारातूनच बजावलं. "कुणी धडपडायचं नाही, कुणी आजारी पडायचं नाही. आणि अहो, बिट्टीचे कपाळावरचे केस डोळ्यांत जातायत. तेवढे सलूनमधून कापून आणा. सलूनमधून."

हे शेवटचं दोनदा सांगण्याचं कारण बाबाला समजलं नाही.

फोटोचं प्रकरण साधं नव्हतं. भिंतीवर फोटो पुष्कळ होते, पण चौघांचा एकत्र असा एकही नव्हता. आई नर्स, आणि रविवार उजाडला की नेमकी तिची ड्युटी यायची. उद्याचा रविवार तिने कुणाकुणाला विनवून मोकळा करून घेतला होता. स्टुडिओत वेळ घेतली होती, सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून ते खुर्चीवर रचून ठेवले होते आणि त्या खुर्चीवर बसायला आजोबांना सक्त मनाई होती.

बिट्टीचा बाबा फरश्या बसवायचा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही, असं लोक म्हणत. लोकांनी म्हणायला उशीर केला तर तो स्वतः म्हणे. फक्त त्याच्याच स्वयंपाकघरातली एक फरशी कधीची खचली होती. "बघतो गं, पुढच्या आठवड्यात," असं तो इतक्या वेळा म्हणाला होता, की बायकोने विषय काढणंच सोडून दिलं होतं.

सलूनमध्ये तोबा गर्दी होती. बाबा बिट्टीला घेऊन तसाच परत आला.

"मी हॉलच्या हॉल सरळ रेषेत आणतो," तो म्हणाला, "हे तर वीतभर कपाळ आहे."

"सूनबाई सलून म्हणाल्या होत्या," आजोबा पेपरमागून म्हणाले. आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर होते. धोका दिसला की हॉर्न द्यायचा आणि बाजूला व्हायचं, हा त्यांचा शिरस्ता.

बाबाने बिट्टीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि कामाच्या पिशवीतून लेव्हल काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आला की फरशी सरळ, हा त्याचा धर्म. ती पट्टी त्याने लेकीच्या कपाळाला लावली.

"अजिबात हलायचं नाही."

"नाही हलत," बिट्टी म्हणाली, आणि खरंच श्वास रोखून बसली.

कात्री चालली. बुडबुडा मधोमध होता. बाबा दोन पावलं मागे सरकला आणि स्वतःवरच खूश झाला. मग बिट्टी उठून उभी राहिली. केस उजवीकडे भुवईपर्यंत आणि डावीकडे पार वर चढलेले.

"उजवं टायर बसलंय," आजोबा म्हणाले.

बाबाने तिला परत बसवलं. केस सरळ. उभं केलं. वाकडे. बसवलं. सरळ. त्याने लेव्हल झटकून पाहिली, ओट्यावर ठेवून तपासली. लेव्हल निर्दोष होती. म्हणजे हात चुकला असणार, असं ठरवून त्याने पहिल्यापासून नवी रेघ धरली, बोटभर वर. बुडबुडा मध्ये. बिट्टी उठली, रेघ वाकडीच. मग आणखी बोटभर वर.

"अरे, आता थांब," आजोबा म्हणाले. "पुढे रस्ता संपलाय."

बिट्टीने आरशात पाहिलं. ती ओरडली नाही, पाय आपटले नाहीत. नुसते डोळे भरून आले. "मी फोटोत येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघं काढा."

बाबाने कात्री खाली ठेवली. आई किती दिवस वाट बघत होती, आणि आपण तिचा चौघांचा फोटो कात्रीने तिघांचा केला. त्याने चॉकलेट कबूल केलं, टोपी आणली, हेअरबँड लावून पाहिला. बिट्टी मान हलवत राहिली. शेवटी तो स्वतःच स्टुलावर बसला आणि कात्री तिच्या हातात दिली.

"माझ्या मिशा काप. फिटंफाट."

त्या मिशा लग्नाच्याही आधीच्या होत्या. आजोबांनी पेपर खाली ठेवला.

बिट्टीने नाक पुसलं आणि लेव्हल बाबाच्या नाकाखाली धरली. "अजिबात हलायचं नाही," ती दरडावून म्हणाली.

बाबा ताठ बसला, तर स्टूल डुगडुगलं. त्याने सावरलं, तर पुन्हा डुगडुगलं. हलू नये म्हणून त्याने सगळा भार डावीकडे टाकला, मानही डावीकडे कलली, तेव्हा कुठे स्टूल गप्प बसलं. त्याने खाली पाहिलं. स्टुलाचा पाय त्याच खचलेल्या फरशीवर होता.

"बिट्टे, तूपण अशीच बसली होतीस?"

"तू म्हणालास ना, हलू नको. मान दुखली माझी, पण नाही हलले."

बाबाच्या आता लक्षात आलं. आपली नजर सारा वेळ बुडबुड्यावर होती, आणि पोर बिचारी आपण सांगितलं म्हणून वाकडी होऊन बसली होती. त्याने तिला जवळ ओढलं. "काप तू," तो म्हणाला. "मी पण नाही हलणार."

संध्याकाळी आई घरी आली. एकीचं कपाळ तिरपं, दुसऱ्याची मिशी तिरपी. तिने पर्स ठेवली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि जमिनीवरच बसली. आधी रडते की काय असं वाटलं, पण ती हसत होती. हसता हसता तिची मान कलली आणि ती एकदम थांबली.

"बिट्टे, मान अशी कर बघू. आणखी थोडी डावीकडे. हं. हे बघ, सरळ."

बिट्टीने आरशात पाहिलं. केस खरंच सरळ होते.

रविवारी स्टुडिओतला फोटोग्राफर हैराण झाला. "ताई, माना सरळ करा ना सगळ्यांच्या."

"सरळच आहेत," आई मान वाकडी करून म्हणाली. "तुम्ही काढा."

आजोबांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, तरी सगळ्यांत जास्त मान त्यांनीच कलती केली.

त्याच दुपारी बाबाने खचलेली फरशी उचलून नीट बसवली. फोटो आल्यावर तोही त्यानेच भिंतीवर लावला, लेव्हल धरून. चौकट अगदी सरळ आहे, पण पाहुणे तिच्यासमोर उभे राहिले की नकळत मान वाकडी करतात. आईही रोज ड्युटीला निघताना तिथे थांबते, मान जराशी कलती करते, आणि मग चप्पल घालते.