कार्यक्रम कसा वाटला? मोठ्यानं सांगा!

वाचकहो, धंदा कसा वाढवायचा हे मला विचारा! मी रायपूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. व्यवस्थापनावरची इतकी पुस्तकं वाचली आहेत की स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडला तरी मला 'पुरवठा साखळी' दिसते. स्वतः धंदा मात्र कधी केलेला नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनीही केलेला नसतो, त्यामुळे माझं कधी अडलं नाही.

धंदा होता बाबांचा. गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत, 'देवीदास टेंट हाउस'. खुर्च्या, दऱ्या, कनाती आणि विमान उडेल एवढा आवाज करणारे पंखे. पाटीवर बाबांचा फोटो. त्यात ते अशा रुबाबात उभे, जणू राष्ट्रपतिभवनाला कनात यांनीच लावली!

तो आमचा शेवटचा साधा रविवार. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी तो धंदा सुधारण्यात घालवला.

बाबा दऱ्यांच्या थप्पीवर बसून पोहे खात होते. मी दुकानाच्या संगणकात नवीन सॉफ्टवेअर घालत होते.

"बाबा, ग्राहकाचं समाधान मोजावं लागतं."

"मोजतो न मी."

"कसं?"

"जेवनं झाल्यावर खुर्च्या पाहतो. लोकायनं खुर्च्या फिरवून गोल केले, गप्पा हाकत बसले, तं कार्यक्रम चांगला. खुर्च्या लायनीतच राहिल्या तं समज, सारे हजेरी लावून पळाले."

"लोक पंख्याकडे तोंड करायला खुर्च्या फिरवतात, बाबा."

"मंग पंखा तरी चांगला होता न!"

असा माणूस बाजारात चाळीस वर्षं टिकतो, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. मी पुस्तकं बदलली नाहीत, बाबांना बदलायला घेतलं.

सॉफ्टवेअर झकास होतं. कार्यक्रमाची वेळ संपली की सगळ्या पाहुण्यांना आधी संदेश जाणार, मग फोन. फोनवरचा आवाज माझा! मी तो तिथेच, कनातीच्या आडोशाला उभी राहून, शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावं तशा उत्साहात रेकॉर्ड केला. "नमस्कार! देवीदास टेंट हाउसमधून दीक्षा बोलतेय! कार्यक्रम कसा वाटला? एक ते पाचमधला आकडा मोठ्यानं सांगा!"

"बाप्पा!" बाबा म्हणाले. "माही पोट्टी तं रेडिओवर बोलून राहिली! पन दुःखाच्या घरी हे नको लावू हं."

"सॉफ्टवेअरला सुख-दुःख नसतं, बाबा. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम."

"हव, माय." त्यांनी बशीतले शेवटचे दाणे बोटानं टिपले. मग मान वर न करताच विचारलं, "आन् तू किती देशील मले? पाचातून?"

"घरच्यांचं धरत नाहीत. आकडे बिघडतात."

बाबा खो खो हसले आणि बशी विसळायला गेले. मी लोकेशला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, दम भरला, "यापुढे नोंद केल्याशिवाय एक खुर्ची दुकानाबाहेर जाणार नाही! कुणाचाही कार्यक्रम असो!"

"हव दीदी, समझ गया," लोकेश म्हणाला. तो मराठी सगळी समजतो, उत्तर हिंदीत देतो आणि सांगितलेलं तंतोतंत करतो. तिसरा गुण घातक असतो, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. या गोष्टीत त्याबद्दल एवढंच.

जलदान विधी आणि शोकसभा पुढच्या रविवारी ठरली. माझा एकच हट्ट होता, बाबांचा कार्यक्रम बिनचूक झाला पाहिजे. माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात मांडव घातले. त्याच्या स्वतःच्या मांडवात एक दोरीसुद्धा सैल दिसता कामा नये. खुर्च्या आपल्याच दुकानातून येणार होत्या. लोकेशनं ते काम अंगावर घेतलं, आणि मी निर्धास्त झाले. इथेच चुकलं!

मांडव देखणा झाला. पांढऱ्या कनाती, रांगेत पांढऱ्या खुर्च्या, समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पाटीवरून उतरवलेला बाबांचा तोच रुबाबदार फोटो. सिलतऱ्याच्या कारखान्यांमधली माणसं आली, अख्खा पारा, म्हणजे आमचा सगळा मोहल्ला, आला. शेजारच्या उरला भागातले हरिदास मंडपवाले आले. हे बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. आत येताच त्यांनी सवयीनं एक दोरी ओढून पाहिली. दोरी सैल नव्हती. त्यांचा चेहरा जरासा उतरला, मग त्यांना आपण कुठे आलोय ते आठवलं.

भन्तेजी उशिरा आले, श्रद्धांजलीची भाषणं लांबली, कार्यक्रमाची ठरलेली वेळ संपत आली. एका वक्त्यानं बाबांवर सुरुवात करून उरल्याच्या कारखान्यांच्या धुळीवर शेवट केला. अखेर सगळे श्रद्धांजलीसाठी स्तब्ध उभे राहिले. पंखेसुद्धा बंद केले. इतकी शांतता की मालधक्क्यावरचा हमाल खोकलेला ऐकू आला.

आणि टिंग!

मग टिंग-टिंग-टिंग-टिंग! खिशाखिशातून, पर्सापर्सांतून, जणू मांडवात हजार सायकली घुसल्या! माझ्या शेजारी कांताबाई उभ्या होत्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, माझ्या आत्या. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि ऐकायला कमी येत असल्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"निरोप समारंभाबद्दल हार्दिक अभिनंदन! श्री. देवीदास यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा!"

मी लोकेशकडे पाहिलं. तो पुटपुटला, "दीदी, आपनेच बोला था एंट्री के बिना कुर्सी नहीं जाएगी. उसमें शादी था, बर्थडे था, दुकान का उद्घाटन था. मरनेवाला ऑप्शनही नहीं था. ये फेअरवेल सबसे पासवाला लगा."

"आणि एवढे नंबर कुठून आले?"

"गेस्ट लिस्ट के बिना आगे नहीं जा रहा था. तो सबके डाल दिए. आपका भी."

"बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!"

"पासवर्ड आपके पास है."

पासवर्ड घरी होता, बाबांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीवर. मी एक पाऊल उचललं आणि फोन वाजायला लागले. ज्येष्ठ मंडळींनी घाईघाईनं ते बंद करायला नेमकी स्पीकरची खूण दाबली. बघता बघता मांडवभर मीच बोलू लागले! एकीचं 'नमस्कार' होतंय तोवर दुसरीचं 'कसा वाटला', तिसरी 'मोठ्यानं सांगा' वर पोचलेली. पाठांतर बिघडलेला वर्गच जणू! आणि आवाज केवढा आनंदी! पांढऱ्या साडीत, सुजलेल्या डोळ्यांची मी पुढच्या रांगेत तोंड मिटून उभी आणि मागे साठ दीक्षा उल्हासात बागडतायत!

आत्यांनी फोन कानाला लावला, मग माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"अवं पोरी, तू तं इथं उभी आहे! मंग फोनवर कोन बोलून राहिली?"

"मशीन आहे, आत्या. ठेवा तुम्ही."

"कसा वाटला म्हनून राहिली! काहून वं? भाऊ गेला माहा, मले कसा वाटंन?"

"माफ करा," फोनमधली मी म्हणाले, "आपलं उत्तर ऐकू आलं नाही. कृपया मोठ्यानं सांगा!"

"भाऊ गेला माहाऽऽ!" आत्या ओरडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"धन्यवाद! पुढच्या कार्यक्रमावर आपल्याला वीस टक्के सूट!"

 आत्यांनी सगळ्या मांडवावरून एक नजर फिरवली.

"पुढचा कार्यक्रम? इथं माह्याहून म्हातारं कोनी दिसत नाही. म्हंजे मलेच सूट देऊन राहिली का?"

कुणीतरी फिसकन हसलं. आपण हसलो हे लपवायला ते खोकलं. तेवढ्यात मागून हरिदास मंडपवाल्यांचा आवाज आला, ठाम, धंद्यातला. "दोन!"

अख्ख्या मांडवानं वळून पाहिलं. हरिदास कानशिलापर्यंत लाल!

"सवय आहे, बाई, सवय!" ते माझ्याकडे पाहून हात जोडायला लागले. "देवीदासच्या मांडवाले मी जन्मात दोनच्या वर देले नाही! आज... पुन्हा लागते का हो हा फोन?"

"लाग जाएगा, चाचा," लोकेश म्हणाला. "जबाब कम आया तो ये तीन बार लगाता है." हे मला आधी सांगितलं असतं तर मी संगणकाची वायरच उपटली असती, पण आता उशीर झाला होता. पंख्याजवळ सिलतऱ्याचे एक साहेब अत्यंत गंभीरपणे फोनला सांगत होते, "चार. एक कम इसलिए कि चाय ठंडी थी."

आणि मग मांडव फुटला. आधी आत्या हसल्या, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मग बाकीचे. भन्तेजींनी डोळे मिटूनच ठेवले होते, पण त्यांच्या चीवराची टोकं हलत होती. मी हात जोडून मधोमध उभी राहिले आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर एका म्हाताऱ्याला वाटलं, पुन्हा फोनच आलाय. "पाच वं, पाच!" तो म्हणाला. "किती डाव सांगू?"

बिनचूक कार्यक्रमाची अशी वाट लागली! जेवणं होईपर्यंत मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. ते सॉफ्टवेअर उपटून टाकायचं ठरवून पासवर्ड आणायला घरात गेले, पण चिठ्ठी दरवळत्या अगरबत्तीच्या पुड्याखाली गेली होती आणि ती शोधायला हात धजत नव्हता. तिथेच बाबांचा चष्मा होता.

बाहेर आले. मला वाटलं होतं, मांडव रिकामा असेल. कुणीही गेलं नव्हतं.

एकही खुर्ची रांगेत नव्हती. इथे सहा जणांचा गोल, तिथे दहांचा. आत्यांच्या भोवती तर खुर्च्या तिहेरी झाल्या होत्या. त्या सूट मिळाल्याची हकीकत चौथ्यांदा सांगत होत्या आणि दर खेपेला टक्के वाढत होते. हरिदास मंडपवाले बाबांच्या गोष्टी सांगत होते. बाबांनी यांच्या कनाती कशा पळवल्या, मग वादळात यांचा मांडव उडाल्यावर त्याच कनाती ट्रकनं कशा परत पाठवल्या.

आणि वाचकहो, मी वर पाहून खात्री केली. पंखे बंद होते! मौनासाठी बंद केले, ते कुणी पुन्हा लावलेच नव्हते. पंख्याकडे तोंड करायला कुणीही खुर्ची फिरवली नव्हती.

माझ्या हातातला फोन वाजला. दुकानाचाच नंबर. मी तो कानाला लावला.

"नमस्कार!" मी मला म्हणाले, आनंदानं उतू जात. त्या आवाजाच्या मागे, अगदी बारीक, कुणीतरी बशीत चमचा ठेवल्याचा आवाज होता. "देवीदास टेंट हाउसमधून दीक्षा बोलतेय! कार्यक्रम कसा वाटला? एक ते पाचमधला आकडा मोठ्यानं सांगा!"

"पाच," मी म्हणाले.

"माफ करा, आपलं उत्तर ऐकू आलं नाही. कृपया मोठ्यानं सांगा!"

खुर्च्यांच्या गोलांमधली गडबड थांबली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पाहू देत.

"पाच!" मी ओरडले. "पाच, बाबा, पाच! आणि घरच्यांचं धरतात!"