बनुबाईंनी जस्ताला लावलेला रंग

हंबीरराव पाण्यातून वर आले ते हसतच. "बनू, अकरा म्हैनं झालं, पर जस्ताला झीज म्हणून न्हाई. बोल्टबी हलला न्हाई."

बायको बनुबाई लाँचच्या फळीवर हरभरे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हंबीरराव लष्करातून नायक म्हणून निवृत्त झाले आणि कोयनेच्या जलाशयात लाँच चालवू लागले. पाण्याखाली फिरून लाँच ढकलणाऱ्या पितळी पंख्यामागे ते जस्ताचा मुठीएवढा गोळा बसवत. पाण्यात धातू झिजतो. जस्त शेजारी असलं की ते आधी झिजतं आणि पंखा वाचतो. झिजता झिजता बोल्ट ढिला होतो आणि जस्त निसटून तळाला जातं, म्हणून ते दर महिन्याला बुडी मारून पाना फिरवत. यंदा गोळा तसाच्या तसा राहिला, याचं श्रेय त्यांनी स्वतःच्या पान्याला दिलं होतं. दुसऱ्या लाँचवाल्यांना ते सांगतसुद्धा, "घट्ट आवळलं की झिजत न्हाई गड्या."

त्या दिवशी पलीकडच्या गावात सप्ताहाचं शेवटचं कीर्तन होतं. कीर्तनकार लीलाबाई सांगलीहून आल्या होत्या आणि दुपारी चारला त्या लाँचवर चढल्या. बनुबाई त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकू लागल्या. गुडघ्यांमुळं ते जमेना, तेव्हा लीलाबाईंनीच खाली बसून त्यांचे हात धरले.

"यंदा वर देवळात येणार ना?"

"एकशेचाळीस पायऱ्या हायत्या, माय. तीन वर्सं झाली, खाली लाँचमधी बसून भोंग्यातनं ऐकते. भोंग्यातलं कीर्तन म्हंजे कागदावरनं गूळ चाटायचा."

"पोरं खुर्चीतनं न्हेतो म्हनत्यात," हंबीरराव सुकाणूवरून म्हणाले. "ही ऐकंल तर शपथ."

"मला चौघांनी उचलायची येळ यायची हाय अजून."

लाँच मध्यावर आली आणि खालून खाडकन आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. सगळी लाँच चाळणीतल्या गव्हासारखी थरथरू लागली. हंबीररावांनी इंजिन बंद करून बुडी मारली. वर आले तेव्हा त्यांच्या हातात पात्याचा तुकडा होता, भाजक्या विटेसारखा गुलाबी आणि ठिसूळ.

"तीनातली दोन पाती गेली. जस्त मातुर नव्या नवरीगत चमकतंय. ह्ये कसं व्हईल?"

बनुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आवं, मी त्याला रंग लावलाय."

"कशाला?"

"गेल्या वैशाखात लाँच काठावर वडली हुती, तवा तुमीच सांगितलं. पाणी पंख्याला खायाला येतं, तर ह्ये पुढं हून म्हनतं, मला खा. मला रात्री भाकर ग्वाड लागंना. मग तुमचा रुपेरी रंग घेतला आन दोन हात दिले. म्हनलं, गरिबाला जरा आडोसा."

हंबीररावांनी तुकड्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. रंगाखालच्या जस्ताला पाणी शिवलंच नव्हतं आणि वर्षभर पंखाच खाल्ला गेला होता. लष्करात अशा वेळी काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, पण समोर लीलाबाई होत्या.

लीलाबाई मात्र डोळे पुसत हसत होत्या. "नायकसाहेब, दुसऱ्यासाठी झिजावं यावर मी वीस वर्षं निरूपण करते. झिजणाऱ्याची कीव येऊन त्याला रंग लावणारं माणूस आज बघितलं."

उरलेल्या एका पात्यावर लाँच पुढं रांगली. लाँच कुठं अडली म्हणून सगळं गाव पायऱ्या उतरून काठावर आलं होतं, विणेकरी, मृदंग, टाळकऱ्यांसकट. दिवस कलला होता. लीलाबाईंनी वरच्या पायऱ्यांकडं पाहिलं, मग फळीवरच्या बनुबाईंकडं.

"सगळे खालीच आहात, तर देवालाही ऐकू जाईल इथून. मी इथंच उभी राहते."

आणि लाँचच्या नाळेवर, पुढच्या टोकाला उभं राहून त्यांनी कीर्तन केलं, बनुबाईंपासून दोन हातांवर. निरूपणात जस्त आलं. रंग लावणाऱ्या बाईचं नाव तेवढं आलं नाही. बनुबाई टाळी वाजवायची विसरल्या.

पुढं नवा पंखा आला, नवं जस्त आलं. बनुबाईंनी रंगाचा डबाच शेजारणीला देऊन टाकला. झिजलेलं जस्त बदललं की जुना तुकडा त्या देव्हाऱ्यात ठेवू लागल्या.

वर्ष फिरलं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी लाँच लीलाबाईंना घेऊन वेळेवर काठाला लागली. पोरं पेटी उचलायला धावली, तसा हंबीररावांनी हात आडवा केला.

"थांबा रं. जस्ताचा बोल्ट ढिला झालाय. मी आवळस्तवर कुनी लाँचवरनं हलायचं न्हाई. दोन तास तरी जात्यात."

लीलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पदर खोचला. "मग माणसांनाच खाली बोलवा."

कीर्तन चाललं तेवढा वेळ हंबीरराव लाँचमागं कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हात जोडलेले होते.

सगळे प्रसादाला वर गेल्यावर बनुबाईंनी फळीखाली हात घातला. पाना तिथंच होता. सकाळी त्यांनी स्वतः तेलकट फडक्यात बांधलेला, वरची गाठसुद्धा त्यांचीच. त्यांनी तो हळूच आत सारला.

"आवं, बसला का बोल्ट घट्ट?"

"बसला," हंबीरराव धोतर पिळत म्हणाले. "पर फुडच्या चैतात परत ढिला व्हईल, आसं वाटतंय."